दुसऱ्यांचा पाऊस



गेल्या काही महिन्यांत तीन घरांतून मला जवळजवळ एकच प्रश्न आला. एक आई अश्दोदची, एक लंडनजवळची आणि एक आजोबा लोदचे. प्रश्न असा, की आमची मुलगी (किंवा नात) म्हणते आहे, युनिव्हर्सिटीत इंग्रजी भाषा आणि साहित्य घेणार. तुम्ही तेच शिकलात, तर त्याचा उपयोग काय ते खरे खरे सांगा. फोनवर मी प्रत्येकाला थोडे थोडे सांगितले. पण प्रश्न फक्त या तीन घरांचा नाही. आपल्या समाजाचे आणि इंग्रजीचे नाते दीडशे वर्षांहून जुने आहे, आणि त्यात भाकरीचा हिशेब पहिल्यापासून आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडा इतिहास. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले. १८३२ साली त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले, ते मुख्यतः आपल्या लोकांसाठी. त्याच वर्षी त्यांनी सुरू केलेली शाळा म्हणजे पुढचे विल्सन कॉलेज. मिशनऱ्यांची इच्छा आपण ख्रिस्ती व्हावे अशी होती. आपले लोक शाळेत गेले, अक्षरे शिकले, हिशेब शिकले, इंग्रजी शिकले आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून घरचा शब्बाथ पाळत राहिले. धर्म बदलणारे फार थोडे निघाले. शिकलेल्यांपैकी कोणी रेल्वेत गेले, कोणी टपालखात्यात, कोणी इस्पितळात, कोणी पलटणीत. घाण्यावरून उठून टेबलाशी बसायला जी शिडी लागली, ती इंग्रजीची होती.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी साहित्य परीक्षेचा भाग झाले. इथे एक गंमत सांगते. मी ती विद्यार्थिनी असताना ऐकली तेव्हा मला खरी वाटेना. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली. त्यांच्याकडे सभ्य माणसाने विद्यापीठात लॅटिन आणि ग्रीक शिकावे अशी रीत होती. आपल्या भाषेतल्या कविता काय, घरी बसून वाचता येतात! म्हणजे ऑक्सफर्डला शेक्सपिअर आणि मिल्टन हा परीक्षेचा विषय वाटण्याच्या कितीतरी आधी मुंबईची मुले त्यांच्यावर उत्तरपत्रिका लिहीत होती. यामागे राज्यकर्त्यांचा हेतू होताच. इंग्रजी काव्य वाचून हिंदी माणूस मनाने इंग्रजांजवळ येईल, असे त्यांना वाटत होते. पण हेतू त्यांचा असला तरी पुस्तके वाचणारी डोकी आपली होती.

१९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत आपल्या रिबेका रूबेन पहिल्या आल्या. पुढे माझगावच्या आपल्या शाळेच्या त्या अनेक वर्षे मुख्याध्यापिका होत्या. मी त्याच शाळेत मराठी माध्यमातून सातवीपर्यंत शिकले. माझ्या वेळी बाईंना जाऊन बरीच वर्षे झाली होती. तरी एखादी मुलगी अभ्यासाचा कंटाळा करू लागली की शिक्षिका त्यांचे नाव काढत असत.

आता घरची गोष्ट. माझे पप्पा १९५४ साली मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झाले. आमच्या आजोबांच्या घराण्यातले ते पहिले पदवीधर. आजोबा अलिबागच्या इस्राएल आळीतले. त्यांनी गावाकडून तांदळाचे पोते पाठवले आणि चाळीत सगळ्यांना खीर वाटली. पप्पांना रेल्वेच्या कचेरीत कारकुनी मिळाली. दिवसभर मालाच्या पावत्या तपासायच्या आणि रात्री कीट्सच्या कविता वाचायच्या. १९७१ साली आम्ही अलिया करून इस्राएलला आलो तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पदवीचा कागद होता, आणि पालग्रेव्हने १८६१ साली संपादित केलेल्या 'गोल्डन ट्रेझरी' या कवितासंग्रहाची एक जुनी प्रत होती. तिच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या.

आम्हाला दिमोना मिळाले. वाळवंटातले गाव, १९५५ साली वसवलेले. पप्पा चाळिशीच्या घरात होते. एका कचेरीत त्यांनी पदवीचा कागद पुढे केला. समोरच्या माणसाने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारले, हे विद्यापीठ खरोखर आहे का? हिब्रू येत नव्हते, त्यामुळे पप्पांना उत्तरही नीट देता आले नाही. त्यांना कापडगिरणीत काम मिळाले, आणि पुढची चौदा वर्षे त्यांनी मुख्यतः रात्रपाळी केली. कारकुनाची बोटे मागावर दुखत. सकाळी घरी आले की आई कोमट तेल लावून द्यायची.

म्हणून १९८० साली, लष्करातली दोन वर्षे संपवून मी म्हटले, "मी बेअरशेवाला इंग्रजी साहित्य घेणार," तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध झाला तो पप्पांचाच. आई म्हणाली नर्सिंग घे, पण ते तिने सहज म्हटले. पप्पा रागावले. "मी शिकलो ना इंग्रजी! काय झालं? सूत मोजतोय. तूसुद्धा तेच करणार?" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचे म्हणणे कळत होते. जी शिडी मुंबईत एक मजला वर नेते, ती दिमोनात भिंतीलाच टेकत नव्हती. ज्या माणसाने ती खांद्यावर घेऊन समुद्र ओलांडला, त्याला तिचे वजन माहीत होते.

मी तरी गेले. बसचा पास आणि पुस्तकांचे पैसे मी संध्याकाळी एका घरी मुले सांभाळून उभे केले.

बेअरशेवाचे विद्यापीठ तेव्हा नवेच होते, १९६९ सालचे. बेन-गुरियन १९७३ साली वारले, त्यानंतर त्यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. वर्गात सगळे इंग्रजीतून चाले. शिक्षक बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेले. माझ्या बाकावर एक मुलगी मोरोक्कोच्या घरातली होती, मागे एक मुलगा रुमानियात जन्मलेला आणि पुढे अर्जेंटिनाची एक बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. पुस्तक एकच, नॉर्टन अँथॉलॉजीचे दोन जाड खंड. कागद सिद्दूरच्या पानांसारखा पातळ. मागच्या पानावरचे शब्द पुढे दिसायचे. मी ते जुने विकत घेतले.

पहिला अडथळा आला तो छंदाचा. इंग्रजी कवितेची ओळ जोरावर चालते. एक अक्षर हलके, पुढचे जड, पुन्हा हलके, पुन्हा जड. आपल्या मराठीत शब्दात असा जोर नसतो. ऱ्हस्व आणि दीर्घ असते, लघु आणि गुरू असते. आपली कीर्तने ऐकलेल्यांना हे सांगायला नको. अब्राहामाचे किंवा योसेफाचे चरित्र कीर्तनकार साकी, दिंडी, ओवी अशा चालींवर सांगत, आणि माझ्या आजीला वृत्ताचे नाव माहीत नसले तरी एक अक्षर चुकले की ती मान हलवायची. मी इंग्रजी ओळ त्याच कानाने ऐकत होते. त्यामुळे मला सगळीच अक्षरे सारखी वाटत. शिक्षक म्हणत, ऐक, आणि मला काही ऐकू येत नसे.

सुटका केली हिब्रूने. आपल्यापैकी जे उलपानमध्ये शिकले त्यांना 'बिरा' हा शब्द आठवत असेल. 'बि'वर जोर दिला तर बाटलीतली बीअर, 'रा'वर दिला तर राजधानी. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी उलपानच्या वर्गात उभे राहून मोठ्या अभिमानाने सांगितले होते की येरुशलाईम ही इस्राएलची बीअर आहे. हा किस्सा दिमोनात वर्षभर पुरला. एके दिवशी बसमध्ये तो आठवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रजीतही असेच तर आहे. 'रेकॉर्ड' या शब्दात पुढच्या भागावर जोर दिला तर ती नोंद, मागच्या भागावर दिला तर नोंदणे. मग मी घरी येऊन टेबलावर बोटे आपटत ओळी म्हणू लागले.

पप्पा रात्रपाळीला निघण्याआधी जेवत होते. चार-पाच ओळी त्यांनी ऐकल्या. मग काही न बोलता आत गेले आणि ट्रंकेतून 'गोल्डन ट्रेझरी' घेऊन आले. समासातल्या त्या पेन्सिलीच्या खुणा म्हणजे लघु-गुरूची चिन्हे होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मुंबईत त्यांच्यापुढेही हाच अडथळा आला होता, आणि त्यांनी तो संस्कृत वृत्तांच्या चिन्हांनी ओलांडला होता. जड अक्षराला गुरू, हलक्याला लघु. त्या रात्री त्यांची बस चुकायची वेळ आली. भांडण मिटले असे कोणी म्हटले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कामावरून आले की ते विचारू लागले, आज काय वाचले?

पहिल्याच वर्षी चॉसर आला. 'कँटरबरी टेल्स'ची सुरुवात एप्रिलच्या पावसाने होते. मार्चची कोरड एप्रिलच्या सरी भेदतात, झाडे फुटतात आणि माणसांना यात्रेला जावेसे वाटते. आम्ही नेगेवमध्ये बसून हे वाचत होतो. तिथे एप्रिलमध्ये पाऊस संपतो. मार्चचा हिरवा पोपडा उन्हाने उडून जातो आणि पेसाखपासून सुक्कोथपर्यंत आभाळ कोरडे ठणठणीत. वर्गातल्या मुलांनी खिडकीबाहेर पाहिले आणि सगळे हसले.

मला हसू आले ते वेगळ्या कारणाने. मला आजोबा आठवले. आपल्या प्रार्थनेत सुक्कोथच्या शेवटापासून पावसाचा उल्लेख सुरू होतो आणि पेसाखला थांबतो. मग उन्हाळाभर दवाचा उल्लेख करायचा. हे वेळापत्रक इस्राएलच्या हवेचे. आता अलिबागला काय होते ते पाहा. सुक्कोथ येतो तेव्हा कोकणातला पाऊस परतीला लागलेला असतो. तिथून पेसाखपर्यंत, एक थेंब पडत नाही अशा महिन्यांत, आजोबा रोज आभाळातून पाऊस पाडणाऱ्याची स्तुती करत. आणि जूनमध्ये खरा पाऊस कोसळू लागला, कौलांतून पाणी गळू लागले, मशिदीत जायला डोक्यावर इरले घ्यावे लागले, की ते तोंडाने दवाविषयी बोलत! पिढ्यान्‌पिढ्या आपले लोक हे करत आले. ज्या देशाचा पाऊस त्यांनी पाहिला नव्हता, तो त्यांनी मनापासून म्हटला. त्यापायी त्यांना कोकणातला पाऊस परका झाला नाही. मृगाची पेरणी त्यांनी चुकवली नाही.

मी हे वर्गात सांगितले. आमचे शिक्षक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, की चॉसरच्या मार्चमधली कोरडसुद्धा इंग्लंडच्या हवेची नसावी, असे काही अभ्यासक मानतात. ती भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या लॅटिन कवितेतून त्याच्याकडे आली असावी. म्हणजे तोसुद्धा दुसऱ्यांचा पाऊस म्हणत होता.

वाचकहो, साहित्य शिकून काय मिळते या प्रश्नाला माझे अर्धे उत्तर इथे आहे. दुसऱ्याचा पाऊस आपल्या तोंडाने नीट म्हणता येणे, आणि तो म्हणताना बाहेर आपल्या दाराशी काय पडते आहे हे न विसरणे. आपल्या समाजाला याची सवय शेकडो वर्षांची आहे. इंग्रजीचा वर्ग आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

उरलेले अर्धे उत्तर जरा कडू आहे. ते शायलॉकचे.

दुसऱ्या वर्षी आम्ही 'मर्चंट ऑफ व्हेनिस' वाचले. इंग्लंडने यहुद्यांना १२९० साली हाकलून दिले होते आणि १६५६ सालापर्यंत त्यांना तिथे उघडपणे राहता येत नव्हते. शेक्सपिअरने हे नाटक लिहिले ते या मधल्या काळात. त्याच्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे यहुदी म्हणून जगणारा माणूस कधी पाहिलाच नसणार. वर्गात तो तास फार जड गेला. रुमानियाचा मुलगा एक शब्द बोलला नाही. अर्जेंटिनाच्या बाईने सांगितले की शाळेत तिला त्या नावाने चिडवत असत. मग शिक्षकांनी मला विचारले, "भारतात हे नाटक कसे वाचत असत?"

मी घरी येऊन पप्पांना तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "आम्ही? आम्ही त्याला सावकार म्हणून वाचलं. कोकणात सावकार कोणाला माहीत नाही? गहाणखत, व्याज, कोर्ट. पोर्शियाचं दयेवरचं भाषण पाठ होतं मला, बक्षीस मिळालं होतं. तो यहुदी आहे हे माहीत होतं, पण तो मी आहे असं कधी मनात आलं नाही." आणि खरेच, का यावे? आपण कोकणात शनवार तेली. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. व्याजाचा धंदा आपला नव्हता. शेजाऱ्यांनी आपल्याकडे त्या नजरेने कधी पाहिले नाही. मुंबईच्या बाकावर बसून एक यहुदी मुलगा शायलॉक वाचतो, भाषणाचे बक्षीस घेतो आणि हसत घरी जातो. जगाच्या पाठीवर हे किती ठिकाणी शक्य होते?

पप्पांनी ते नाटक दिमोनात पुन्हा वाचले. चार रात्री लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "मुंबईत वाचलं तेव्हा मी प्रेक्षकांत बसलो होतो. इथे वाचताना वाटलं, मलाच वर उभं केलंय."

त्याच आठवड्यात आमचे थोरले काका आले. ते आमच्या कितीतरी आधी आलेले. १९६२ ते १९६४ या वर्षांत, लग्न ठरले की बेने इस्राएलांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी होत असे, आणि त्याविरुद्ध आपल्या लोकांनी येरुशलाईममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. काका त्या आंदोलनात बसलेले. पप्पांनी त्यांना नाटकातली एक जागा सांगितली. शायलॉकची मुलगी पळून गेल्यावर तो म्हणतो की ती माझ्या रक्तामांसाची आहे. तेव्हा एक जण त्याला ऐकवतो की तुझ्या आणि तिच्या रक्तामांसात काहीच साम्य नाही. काका ऐकून म्हणाले, "असलाच प्रश्न आम्हालाही विचारला होता. फरक इतकाच, की विचारणारे आपलेच होते."

मी हे निबंधात लिहिले. एका नाटकातला यहुदी तीन बाकांवरून कसा दिसतो. मुंबईचा बाक, युरोपचा बाक आणि इथला, जिथे आपण यहुद्यांच्या देशात येऊनही आपले यहुदीपण सिद्ध करत होतो. पुस्तकातले शब्द तेच राहतात, वाचणाऱ्याचा बाक बदलतो. आपण कोणत्या बाकावर बसलो आहोत हे ओळखायला मी त्या वर्गात शिकले. नर्सिंग शिकले असते तर उत्तम नर्स झाले असते. पण आमच्या घरातले हे तीन पुरुष, आजोबा, पप्पा आणि काका, मला इतके स्पष्ट दिसले नसते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्या तरुणांना ती माहीत नसते. अमेरिकेत एके काळी यहुदी माणूस इंग्रजी साहित्य शिकवू शकेल यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले लायोनेल ट्रिलिंग यांना १९३६ साली त्यांच्या विभागाने जवळजवळ काढूनच टाकले होते, आणि त्यांचे यहुदी असणे हे एक कारण होते. ते टिकले आणि १९३९ साली तिथे असिस्टंट प्रोफेसर झाले. नॉर्टन अँथॉलॉजीचे प्रमुख संपादक एम. एच. एब्रम्स हेही पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी घरातले, रंगाऱ्याचे चिरंजीव. ज्या पुस्तकातून आम्ही इंग्रजी साहित्य शिकलो, ते लावून दिले एका रंगाऱ्याच्या मुलाने.

आणि मुंबईत? विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मोझेस इझिकेल यांचे चिरंजीव निस्सीम इझिकेल. जन्म १९२४. १९४७ साली इंग्रजी साहित्यात एम.ए. १९५२ साली पहिला कवितासंग्रह. १९६१ पासून मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख, नंतर मुंबई विद्यापीठात प्राध्यापक. आपल्या या माणसाला कोणी विचारले नाही की यहुदी असून तुम्ही शेक्सपिअर कसे शिकवता. आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हते. पप्पांनी नाव सांगितले म्हणून मी शोधले. इंग्रजी कवितेने त्यांना मराठीपासून दूर नेले असेही नाही. १९७४ साली त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तेहिलिमला उत्तर दिल्यासारख्या त्यांच्या इंग्रजी कविता आहेत, 'लॅटर-डे साम्स'. त्या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मी पदवीधर झाले. आईने एलियाहू हन्नावीचा मलिदा केला आणि पप्पांनी बेराखा म्हटली. मलिद्याच्या ताटाजवळ त्यांनी पदवीचे दोन कागद ठेवले, त्यांचा आणि माझा.

आता तीन घरांना उत्तर, हिशेबासकट.

पैसा कमी आहे. मी एकतीस वर्षे नेगेवमधल्या शाळांत इंग्रजी शिकवले. माझ्या वर्गातून पाच युनिटची बगरुत देऊन गेलेली मुले हायटेकमध्ये माझ्या तिप्पट पगार घेतात. मुलगी पगारासाठी हा विषय घेत असेल तर तिला स्पष्ट सांगा, की इंग्रजी बोलायला आता युनिव्हर्सिटी लागत नाही, आणि नुसत्या इंग्रजीला कोणी नोकरी देत नाही. आपल्या पणजोबांच्या काळातली ती शिडी आता प्रत्येकाच्या घरात आहे. इस्राएलमध्ये बी.ए.ला बहुधा दोन विभाग घेता येतात, तेव्हा दुसरा विषय पोटापाण्याचा घ्यायला सांगा. शिकवायचे असेल तर अध्यापनाचे प्रमाणपत्र लगेच करून टाकायला सांगा, मागाहून करू म्हणून ठेवू नका.

पण ती जर रात्री उशिरापर्यंत पुस्तक घेऊन बसत असेल, एखादा शब्द कुठून आला म्हणून विचारत असेल, तर तिला थांबवू नका. तिला दोन कामे मात्र द्या. पहिले, घरात जो कोणी मराठी वाचणारा उरला आहे त्याच्याकडून तिने निदान देवनागरी अक्षरे शिकावीत. इंग्रजी छंद कळण्यासाठी मला हिब्रू लागली आणि पप्पांना संस्कृत वृत्ते लागली. एकट्या भाषेने भाषा कळत नाही. दुसरे, घरातल्या म्हाताऱ्यांना तिने विचारावे की तुम्ही काय वाचले होते, कुठे बसून वाचले होते आणि तेव्हा तुम्हाला काय वाटले होते. हे लिहून ठेवावे. आपल्या समाजाच्या इतिहासात कोण कुठे नोकरीला होते याच्या याद्या पुष्कळ आहेत. कोणी काय वाचले याची यादी कोणी केलेली नाही.

लोदच्या आजोबांना मी हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मीसुद्धा वाचलं होतं ते शायलॉकचं. रुईया कॉलेजात." मग जरा थांबून म्हणाले, "थांबा, नातीलाच फोन देतो."